जर्मनीत होस्ट फॅमिलीकडे राहून शिकायचं, इंटर्नशिप करायची? मग कामं ह्या क्रमाने करा

मी दोन वर्षं श्टुटगार्टजवळच्या एका गावात एका जर्मन कुटुंबाकडे राहून मास्टर्स केलं, त्यातच सहा महिन्यांची इंटर्नशिप. आता बडोद्यात परत आल्यावर दर वर्षी दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूरकडची मुलं नि त्यांचे आईबाबा फाईल घेऊन घरी येतात आणि दर वेळी तीच चूक दिसते. कागद सगळे असतात पण क्रम उलटा झालेला असतो. तिकीट आधी काढलेलं, घर नंतर शोधतायत, आणि घर मिळालंय तर तिथे पत्ता नोंदवता येणार की नाही हे विचारलेलंच नाही. तिथे पोचल्यावर बँक, पगार, रेसिडेन्स परमिट सगळं त्या एका पत्त्यावर अडतं, मग वरातीमागून घोडं दामटत बसायचं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून काढलंय. आकडे आत्ताचे आहेत, अर्ज भरायच्या आधी अधिकृत साईटवर एकदा ताडून घ्याच.

१. आधी नाव एक करा (निघायच्या १२-१४ महिने आधी)

आपल्याकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा, नावाचा वेगळा, आणि वडिलांचं नाव कधी नावात जोडलेलं असतं कधी नसतं. तिकडे युनिव्हर्सिटी, बँक, विमा कंपनी, नगरपालिका, सगळे पासपोर्टवर जे आहे तेच बघतात. रावपुऱ्यातल्या एका मुलाच्या ॲडमिशन लेटरवर त्याचं आडनाव पहिलं नाव म्हणून छापून आलं कारण त्याने फॉर्म मार्कशीट बघून भरला होता, आणि ते दुरुस्त करून घेण्यात त्याचे पाच आठवडे गेले, तेही व्हिसाच्या ऐन गर्दीत.

तर पासपोर्ट समोर ठेवा, त्यावरचं स्पेलिंग एका कागदावर लिहा, आणि ह्यापुढे प्रत्येक फॉर्म त्या कागदावरून भरा. पासपोर्टच चुकलेला असेल तर आधी पासपोर्ट केंद्रात जाऊन तो नीट करून घ्या, बाकी काहीही सुरू करू नका.

त्यानंतर लगेच एपीएस. भारतातल्या विद्यार्थ्यांना जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस सर्टिफिकेट लागतं, फी १८,००० रुपये. ह्यात तुमच्या डिग्रीची तपासणी होते. बऱ्याच युनिव्हर्सिट्या ते ॲडमिशनच्या अर्जासोबतच मागतात, त्यामुळे दोन-तीन महिने हाताशी ठेवूनच करा. हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि अर्जाची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै असते, परदेशी विद्यार्थ्यांना काही कोर्सेसना त्याच्याही खूप आधी. उलटं मोजत या, म्हणजे कळेल की आदल्या दिवाळीत एपीएसची फाईल गेलेली हवी.

तपासा: पासपोर्ट, एपीएस, ॲडमिशन लेटर, तिन्हीवर नाव अक्षर न अक्षर एक आहे का? नसेल तर इथेच थांबा.

२. होस्ट फॅमिली म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

ह्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो. जर्मनीत कुटुंबाबरोबर राहायचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि तिघांचे नियम वेगळे.

पहिला, घरातली एक फर्निश्ड खोली भाड्याने घेणं. किचन, बाथरूम कुटुंबाबरोबर वापरायचं. विद्यार्थ्यांसाठी हा सगळ्यात सरळ.

दुसरा, 'वोनेन फ्युअर हिल्फे', म्हणजे मदतीच्या बदल्यात राहणं. अनेक विद्यापीठांच्या गावांत ही योजना चालते. एकटे राहणारे आजी-आजोबा किंवा लहान मुलं असलेलं कुटुंब खोली देतं आणि तुम्ही बाग, बाजारहाट, मुलांना शाळेतून आणणं असली कामं करता. हिशोब साधारण असा की खोली जितके चौरस मीटर, महिन्याला तितके तास काम. १५ चौरस मीटरची खोली असेल तर १५ तास. वीज, पाणी, हीटिंगचे पैसे वेगळे द्यावे लागतात. आजारी माणसाची शुश्रूषा ह्यात येत नाही, कोणी ती करायला सांगितली तर नाही म्हणायचं. आणि तुमच्या व्हिसावर हे काम कसं मोजलं जाईल ते तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाला, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डला ईमेल करून लेखी विचारून घ्या.

तिसरा, ऑ पेअर. इथे मुलं फसतात. ऑ पेअरचा व्हिसाच वेगळा, वयाची २७ पूर्ण व्हायच्या आत अर्ज, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास मुलांना सांभाळायचं आणि घरातली हलकी कामं, त्याबदल्यात राहणं-जेवण आणि हातखर्च. तो व्हिसा डिग्रीसाठी नाही. स्वस्त पडतं म्हणून कोणी एजंट 'आधी ऑ पेअरवर जा, तिकडे गेल्यावर शिक्षणाचं बघू' असं सांगत असेल तर तिथून उठून या.

३. व्हिडिओ कॉल : लाजू नका, विचारा

खोलीचे फोटो बघून हो म्हणू नका. दोन कॉल करा. पहिला ओळखीचा, दुसरा फक्त प्रश्नांचा. आपल्याला वाटतं एवढं खोदून विचारलं तर आगाऊ दिसेल. तिकडे उलटं आहे, जो विचारत नाही त्याच्याबद्दलच त्यांना शंका येते. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, मनात आहे ते सरळ विचारायचं.

मी जे प्रश्न विचारले आणि आता सगळ्यांना लिहून देते ते हे:

घर तुमच्या मालकीचं की तुम्हीच भाड्याने राहता? भाड्याने राहत असतील तर पोटभाडेकरू ठेवायला मूळ मालकाची परवानगी लागते, ती दाखवा म्हणायचं.

मी राहायला आल्यावर वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग द्याल का? नाव लांब आहे, पाठच करून टाका. 'ही व्यक्ती माझ्या घरी राहायला आली आहे' एवढंच लिहिलेला, घर देणाऱ्याची सही असलेला कागद. ह्याच्याशिवाय पत्ता नोंदवता येत नाही. कोणी म्हणालं 'खोली आहे पण नोंदणी नको', तर ती खोली कितीही स्वस्त असो, सोडा.

भाडं काल्टमीटे की वार्ममीटे? काल्ट म्हणजे नुसतं भाडं, वार्म म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. इंटरनेट आणि वीज त्यात आहे का तेही वेगळं विचारा.

किचन किती वाजेपर्यंत वापरता येईल? मसाल्याच्या वासाची अडचण आहे का? फ्रीजमध्ये एक कप्पा माझा असेल का? तुम्ही शाकाहारी असाल, एकाच तव्यावर मांस चालत नसेल, तर हे आत्ताच सांगा आणि आपला एक तवा, एक भांडं वेगळं ठेवू का असं विचारा. माझ्या कुटुंबाने हे एका मिनिटात मान्य केलं होतं. तिकडे जाऊन चौथ्या दिवशी जेवताना सांगितलं असतं तर त्यांना नक्की लागलं असतं.

पाहुणे आलेले चालतील का, रात्री राहिलेले? घरात कुत्रा-मांजर? धूम्रपान? आणि इंटर्नशिप दुसऱ्या गावात मिळाली तर खोली राखून ठेवता येईल का? हा शेवटचा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही आणि पुढे तोच सगळ्यात महाग पडतो, त्यावर नवव्या टप्प्यात लिहिलंय.

कॉल संपला की त्याच दिवशी ईमेल करा, 'आपलं असं असं ठरलं' म्हणून मुद्दे लिहून. त्यांनी 'हो, बरोबर' एवढं उत्तर दिलं तरी पुरे. नाहीतर बोलाचीच कढी बोलाचाच भात.

सावधान: 'मी सध्या देशाबाहेर आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरने येईल' असा मेल आला की ती फसवणूक समजा. व्हिडिओ कॉलवर घर फिरून न दाखवणाऱ्याला एक युरोही पाठवायचा नाही.

४. करार आणि डिपॉझिट

करार लेखीच हवा, दोन पानांचा असला तरी चालेल. त्यात खोलीचं वर्णन, भाडं, त्यात काय काय येतं, डिपॉझिट आणि सोडायची मुदत एवढं असलंच पाहिजे. डिपॉझिटला काउत्सिऑन म्हणतात, कायद्याने ते तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही.

सोडायच्या मुदतीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. मालक स्वतः राहतो त्याच घरातली फर्निश्ड खोली असेल तर कायद्यातली मुदत खूप कमी आहे, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत सांगितलं तर त्याच महिन्याअखेर खोली सोडता येते. तुम्हाला हे सोयीचं, पण तोच नियम मालकालाही लागू होतो, म्हणजे तेही तुम्हाला दोन आठवड्यांत निघायला सांगू शकतात. परीक्षेच्या तोंडावर असं झालं तर काय कराल? म्हणून करारात 'दोन्ही बाजूंनी दोन महिन्यांची नोटीस' असं लिहून घ्या. माझ्या करारात हे होतं आणि त्या भरवशावर मी निवांत झोपायचे.

५. पैसे, विमा, व्हिसा, आणि मग तिकीट

इथे भराभर सांगते कारण ही माहिती सगळीकडे मिळते, फक्त क्रम पाळा.

ॲडमिशन लेटर हातात आलं की ब्लॉक्ड अकाउंट, जर्मनमध्ये श्पेरकोंटो, म्हणजे तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं. सध्या वर्षाला ११,९०४ युरो भरावे लागतात आणि तिकडे गेल्यावर दर महिन्याला ९९२ युरो सुटतात. एवढी रक्कम बाहेर पाठवताना बँक पॅन कार्ड मागते, टीसीएस (पैसे बाहेर पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) लागू होऊ शकतो, एज्युकेशन लोनमधून पाठवलं तर वेगळा नियम, त्यामुळे पैसे पाठवायच्या आधी आपल्या सीएला एक फोन करा.

मग आरोग्य विमा. वयाची ३० व्हायच्या आत असाल तर सरकारी योजनेत विद्यार्थ्यांचा दर मिळतो, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. पण तो सेमिस्टरच्या तारखेपासून चालू होतो. तुम्ही दोन आठवडे आधी उतरणार असाल तर मधल्या दिवसांसाठी वेगळा ट्रॅव्हल हेल्थ इन्शुरन्स घ्या. हा मधला तुकडा बहुतेकांचा राहून जातो.

मग व्हिसा. गुजरात मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे येतं. नॅशनल व्हिसाची फी ७५ युरो. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून ॲडमिशन येण्याची वाट बघताना बाकीचे कागद लावून ठेवा, होस्ट फॅमिलीचा करार पण फाईलला लावा.

तिकीट व्हिसा हातात आल्यावरच. स्वस्त मिळतंय म्हणून आधी काढू नका. एका घरी मुलाचं तिकीट, त्याला सोडायला येणाऱ्या आई-वडिलांची तिकिटं, सगळी आधी काढली होती आणि सगळी बदलावी लागली.

तपासा: पहिल्या महिन्याचे पैसे वेगळे आहेत का? ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे तिकडे चालू खातं उघडल्याशिवाय येत नाहीत, आणि डिपॉझिट-भाडं पहिल्याच आठवड्यात द्यायचं असतं. फॉरेक्स कार्डावर भाडं, डिपॉझिट आणि वर एक महिन्याचा खर्च ठेवा.

६. बॅग

दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला मनाई आहे. म्हणजे आईच्या हातचं तूप, पेढे, श्रीखंड काही न्यायचं नाही. आंबे आणि ताजा कढीपत्ताही नाही. आईला हे निघायच्या आठवडाभर आधी सांगा, आदल्या रात्री नको, तिने डबे भरून ठेवलेले असतात. मसाले, खाखरा, चिवडा, डाळी चालतात. कुकर नेणार असाल तर इंडक्शनवर चालणारा न्या, कारण बऱ्याच घरांत गॅस नसतो. प्लग दोन गोल पिनांचा लागतो, व्होल्टेज आपल्यासारखंच २३०.

कुटुंबासाठी छोटीशी भेट. आपल्या संखेड्याचं लाखकाम केलेलं लाकडी खेळणं किंवा छोटा डबा, वजन कमी आणि आपल्या भागातलं. महागडं काही नेऊ नका, ते अवघडतात.

७. पहिले चौदा दिवस

ह्या दोन आठवड्यांत आळस नको, प्रत्येक काम पुढच्या कामाला अडकलेलं आहे.

पहिल्या दिवशी: खोलीचे फोटो काढा, भिंती, खिडकी, गादी, आधीचे ओरखडे. ते कुटुंबालाच ईमेलने पाठवा, 'आल्या दिवशीची स्थिती' म्हणून. ह्यात कोणाचा अविश्वास नाही, त्यांनाही ते बरंच वाटतं.

त्याच दिवशी: पत्रपेटीवर तुमचं आडनाव लावून घ्या. जर्मनीत पोस्टमन पत्रपेटीवरचं नाव बघतो, नाव नसेल तर पत्र परत जातं. आणि तिकडे सगळं पत्रानेच येतं, बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर. होस्ट फॅमिलीकडे राहताना हे हमखास राहतं कारण पेटीवर त्यांचं आडनाव असतं आणि सगळ्यांना वाटतं येईलच की पत्र. एका मुलीचा बँकेचा पिन दोनदा परत गेला, तिसऱ्या वेळी तिने चिठ्ठी चिकटवली तेव्हा आला.

तिसऱ्या दिवसापर्यंत: वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंगवर सही घ्या.

राहायला आल्यापासून १४ दिवसांच्या आत: नगरपालिकेच्या बुर्गरआम्टमध्ये जाऊन पत्ता नोंदवा, ह्याला आनमेल्डुंग म्हणतात. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट उशिराची मिळते, म्हणून ती बडोद्यात बसूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. पासपोर्ट, तो सहीचा कागद, आणि फॉर्म.

त्यानंतर: बँक खातं, ब्लॉक्ड अकाउंट चालू करणं, युनिव्हर्सिटीत नाव नोंदवणं. टॅक्स नंबर, श्टॉयर-आयडी, काही आठवड्यांत पोस्टाने आपोआप येतो, इंटर्नशिपच्या पगारासाठी तो लागतो, जपून ठेवा. आणि व्हिसा संपायच्या बऱ्याच आधी रेसिडेन्स परमिटचा अर्ज.

अजून एक पत्र येईल, रुंडफुंकबायट्रागचं. हे रेडिओ-टीव्हीचं शुल्क, महिन्याला १८.३६ युरो. घाबरून भरू नका. ते माणसामागे नसून घरामागे असतं. होस्ट फॅमिली आधीच भरत असेल तर त्यांचा खाते क्रमांक घेऊन उत्तर पाठवा, संपलं. उत्तरच दिलं नाही तर मात्र तुमच्या नावाने बिल चढत जातं. तुमची खोली वेगळ्या दाराचं स्वतंत्र घर असेल तर भरावं लागेल.

सावधान: पैसे घेऊन 'नुसता पत्ता' देणारे लोक भेटतात. न राहता पत्ता दाखवणं बेकायदेशीर आहे, पत्ता देणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो आणि तुमचं परमिट धोक्यात येतं.

८. घरात राहणं

कागद नीट असूनही जिथे नातं बिघडतं ते इथे. जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एखादी छोटी गोष्ट असते जी कोणी सांगितलेलीच नसते.

बाथरूम. तिकडच्या बाथरूमला शॉवरच्या जागेबाहेर जाळी नसते, म्हणजे जमिनीवर पाणी पडलं तर जायला वाट नाही. आपण बादलीने अंघोळ करतो, फरशी धुतो, तसं केलं तर पाणी खालच्या मजल्याच्या छतात उतरतं. माझ्याकडून पहिल्याच आठवड्यात झालं, खालच्या खोलीच्या कोपऱ्यात डाग पडला, आणि तोपर्यंत मी विमा घेतलेला नव्हता त्यामुळे रंगाचे पैसे खिशातून गेले. म्हणून: शॉवरचा पडदा आतल्या बाजूला, अंघोळ झाली की फरशी पुसायची, आणि पहिल्या आठवड्यात हाफ्टप्फ्लिष्ट नावाचा विमा घ्यायचा. तुमच्या हातून दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर तो भरतो, महिन्याला काही युरोच लागतात. घेताना 'भाड्याच्या घराचं नुकसान' आणि 'चावी हरवणं' ह्या दोन्ही गोष्टी त्यात आहेत ना ते बघा, कारण एक चावी हरवली म्हणून अख्ख्या इमारतीची कुलपं बदलायची वेळ येऊ शकते.

खिडकी. हिवाळ्यात सुद्धा दिवसातून दोन-तीनदा, पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची, तेवढ्यापुरतं हीटिंग बंद. नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि त्याचा दोष राहणाऱ्यावर येतो. थंडी वाजते म्हणून आपली मुलं चार महिने खिडकी बंद ठेवतात, वर खोलीतच कपडे वाळत घालतात. असं करू नका.

फोडणी. खोल्यांमध्ये धुराचा अलार्म बसवलेला असतो. किचनचा हूड चालू करून, किचनचं दार लावून, खिडकी उघडून मगच फोडणी. आणि कुकर पहिल्यांदा लावाल तेव्हा घरात सांगा की शिट्टी होणार आहे, आमच्याकडच्या आजी धावत आल्या होत्या.

शांतता. रात्री १० ते सकाळी ६, आणि रविवारचा पूर्ण दिवस. रविवारी व्हॅक्यूम, ड्रिल, जोरात गाणी नाही. भारतात फोन करायची वेळ सांभाळा, आपल्याला मोठ्याने बोलायची सवय असते आणि तिकडे भिंती पातळ.

कचरा. कागद, पॅकिंग, ओला, उरलेला, वेगवेगळे डबे, रंग गावागणिक बदलू शकतात. पहिल्या दिवशी डब्यांचा फोटो काढून घरातल्या कोणालातरी 'ह्यात काय, त्यात काय' विचारून फोनमध्ये लिहून ठेवा. प्लास्टिकच्या बाटल्या फेकू नका, बहुतेकांवर २५ सेंट परत मिळतात, दुकानातल्या मशीनमध्ये घालायच्या.

हाक कशी मारायची? आपण दुसऱ्या दिवशी काका-काकू म्हणायला लागतो. तिकडे तसं नाही. त्यांच्याकडेही अहो-जाहो आणि अरे-तुरे असतं, 'झी' आणि 'डू'. मोठ्या माणसांना आडनावाने आणि 'झी'ने सुरुवात करा, ते स्वतः 'डू म्हण' म्हणतील तेव्हा बदला. त्यांनी सांगितल्यावरही लाजून 'झी'च धरून बसलात तर त्यांना वाटतं तुम्हाला जवळीक नकोय.

आणि वेळ. जेवण साडेसहाला म्हटलं तर साडेसहा. येणार नसाल तर दुपारीच कळवा. हे मी सगळ्यात कळकळीने सांगतेय, कारण मी पाहिलेल्या तुटलेल्या नात्यांपैकी निम्म्यात तरी तक्रार हीच होती, की मुलगी न कळवताच जेवायला यायचं टाळते आणि आम्ही ताट वाढून बसतो.

तपासा: महिन्यातून एकदा विचारा, 'माझं काही खटकतंय का?' जर्मन माणूस विचारल्यावर खरं सांगतो. तुम्हीही खरं सांगा. मनात ठेवून, इकडे आईला फोनवर रडून काही सुटत नाही.

९. इंटर्नशिप

पहिला प्रश्न, ती फ्लिष्टप्राक्टिकुम आहे की ऐच्छिक? फ्लिष्ट म्हणजे तुमच्या कोर्सच्या नियमावलीतच सक्तीची. हा फरक कळला नाही तर पगार आणि परमिट दोन्ही गडबडतात.

विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. सक्तीची इंटर्नशिप ह्यात मोजली जात नाही. ऐच्छिक मात्र मोजली जाते, बिनपगारी असली तरी. म्हणजे आधी कॅफेत काम करून दिवस संपवलेत आणि मग ऐच्छिक इंटर्नशिप मिळाली तर अडलात. एक साधी वही ठेवा, कामाच्या दिवसांची.

पगाराचं: सक्तीच्या इंटर्नशिपला किमान वेतन लागू नाही, कंपनी देईल ते. ऐच्छिक असेल आणि तीन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर पहिल्या दिवसापासून किमान वेतन, २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो. म्हणूनच बऱ्याच कंपन्या युनिव्हर्सिटीचं 'ही सक्तीची आहे' असं पत्र मागतात. ते पत्र अर्जासोबतच लावा. करार लेखी, त्यात तारखा, तास, पैसे, रजा.

तुम्ही इकडच्याच कॉलेजात शिकत असाल आणि फक्त इंटर्नशिपपुरतं जायचं असेल तर रस्ता वेगळा, तेव्हा जर्मनीच्या रोजगार खात्याची संमती लागते आणि ती बहुधा कंपनीमार्फत मागवली जाते. तेव्हा कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा.

आता घराचं. कंपनी दीड तासाच्या अंतरात असेल तर मी म्हणेन खोली सोडू नका, ये-जा करा. डॉइचलांडटिकेट महिन्याला ६३ युरोत सगळ्या लोकल गाड्यांना चालतं, फक्त फास्ट आयसीई वगैरेंना नाही. पण मग पहाटे साडेपाचला बाथरूम वापरणार असाल, रात्री उशिरा येणार असाल, तर सुरू व्हायच्या आधी कुटुंबाबरोबर बसून नवीन वेळापत्रक ठरवा. मी फ्रीजवर कागद लावला होता. जेवणाचे वारही बदलले होते, आठवड्यात दोन दिवस मी घरी जेवणार, बाकी दिवस माझं मी.

कंपनी लांबच्या गावात असेल तर तीनच पर्याय: खोली पूर्ण सोडा, भाडं भरत राखून ठेवा, किंवा कुटुंबाच्या लेखी परवानगीने सहा महिने दुसऱ्या विद्यार्थ्याला द्या. परवानगीशिवाय मित्राला चावी देऊन जाणं, हे आपल्याकडच्या मुलांनी केलेलं मी ऐकलंय आणि त्यात कुटुंबाने लगेच निघायला सांगितलं, बरोबरच केलं. नवीन गावात खोली घेतलीत की पत्त्याची नोंदणी पुन्हा करावी लागू शकते, तिथल्या बुर्गरआम्टला विचारा.

सावधान: इंटर्नशिप संपायच्या दोन आठवडे आधी त्सॉयग्निस मागा, म्हणजे कामाचं लेखी प्रमाणपत्र. तिकडे पुढच्या नोकरीला हे बघतातच. निघून आल्यावर ईमेलने मागत बसलात तर महिने जातात.

१०. बिनसलं तर

मतभेद आणि त्रास ह्यात फरक करा. किचन, आवाज, वेळा, हे बोलून सुटतं. पण कोणी पासपोर्ट ठेवून घेतला, ठरल्यापेक्षा जास्त काम करायला लावलं, अंगचटीला आलं, खोलीत न विचारता वारंवार येऊ लागलं, तर समजावत बसायचं नाही. पोलीस ११०, रुग्णवाहिका-अग्निशमन ११२. युनिव्हर्सिटीचं इंटरनॅशनल ऑफिस आणि श्टुडिरेन्डनवेर्कचं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या राहण्या-खाण्याची सोय बघणाऱ्या संस्थेचं, सल्ला केंद्र मदत करतं. आपला दूतावास बर्लिनला आहे, वाणिज्य दूतावास म्युनिक, फ्रँकफर्ट आणि हॅम्बर्गला. हे नंबर जायच्या आधी कागदावर लिहून पाकिटात ठेवा, फोन बंद पडतो. आणि आईबाबांना विनंती, मुलीने असं काही सांगितलं तर 'थोडं सांभाळून घे' म्हणू नका. भाडं बुडालं तर बुडू दे, तिला आधी तिथून निघायला सांगा.

११. निघताना

नोटीस लेखी द्या, करारातल्या मुदतीनुसार. खोली पुसून, भिंतीतले खिळे काढून, पहिल्या दिवसाचे फोटो समोर ठेवून कुटुंबाबरोबर फेरी मारा आणि जे दिसेल ते एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. डिपॉझिट लगेच हातात मिळेलच असं नाही, वीज-हीटिंगचा हिशोब व्हायचा असतो, म्हणून बँक खातं त्याच दिवशी बंद करू नका. पत्रपेटीवरचं नाव काढायच्या आधी पोस्टात पत्ता बदलून घ्या किंवा कुटुंबाला विचारा की माझी पत्रं फोटो काढून पाठवाल का. देश सोडत असाल तर आबमेल्डुंग, म्हणजे नोंदणी रद्द करणं, निघायच्या आधी जास्तीत जास्त आठवडाभर किंवा निघाल्यावर दोन आठवड्यांच्या आत. त्याची पावती हातात आली की विमा, मोबाइल आणि बाकीची कॉन्ट्रॅक्ट्स तिच्या आधारावर बंद करायला घ्या. चाव्या मोजून परत द्या आणि किती दिल्या ते त्याच सहीच्या कागदावर लिहा.